कढईपुढचा अर्धा तास

रमजानच्या खरेदीच्या यादीत खजूर, बेसन, सब्जा आणि सरबताची बाटली ठरलेली असते. गेल्या काही वर्षांत त्या यादीत एका यंत्राची भर पडली आहे, एअर फ्रायरची. ज्या घरात हा फ्रायर आला, त्या घरात पहिल्या रोज्यालाच वादही आला. मुले म्हणतात, चमचाभर तेलात कांदाभजी कुरकुरीत होतात. दादी म्हणते, "हवा में भी कबी भजिये तलते क्या?" घरातले पुरुष दोन्ही बाजूंना मान डोलावतात आणि ताटात येईल ते खातात.

हा वाद बहुधा दोनच मुद्द्यांवर चालतो, तेल आणि चव. दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण तिसरा एक मुद्दा आहे आणि त्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. अजान होण्याआधीचा अर्धा तास तापलेल्या तेलासमोर उभे कोण राहते? एअर फ्रायर घ्यावा की घेऊ नये, हे खरे तर या प्रश्नावरून ठरायला हवे. तेल किती वाचले, याचा हिशेब त्यानंतर करता येईल.

सगळ्यांचीच भजी

रोजा सोडण्यासाठी भज्यांची काहीच गरज नसते. खजूर किंवा घोटभर पाणी पुरते. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांचा रिवाजही तोच होता. त्यापुढे दस्तरखानावर जे येते ते त्या त्या मुलखाचे असते. मोरोक्कोत हरीरा नावाचे दाट सूप असते, हैदराबादेत हलीम, तामिळनाडूत नोन्बू कंजी, केरळात पत्तिरी. महाराष्ट्रातल्या शहरा-खेड्यांत ती जागा भज्यांनी घेतली आहे. मूगभजी, बटाटाभजी, मिरचीभजी सगळी असतात, पण रोज होणारी म्हणजे कांदाभजी. कारण सरळ आहे. देशात सर्वाधिक कांदा महाराष्ट्रात पिकतो. कांदा आणि बेसन कुठल्याही घरात असतेच, आणि अचानक चार रोजेदार वाढले तर दोन कांदे जास्त चिरून भागते.

ही भजी कुठल्या एका धर्माची नाहीत, हेही या शहरांना ठाऊक आहे. आषाढ शुद्ध नवमीला अनेक हिंदू घरांत कांदेनवमी होते. पुढे चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून त्याआधी कांद्याचे थालीपीठ, भरीत आणि ढीगभर कांदाभजी. इस्लामी वर्ष चंद्राचे असल्याने रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१३ आणि २०१४ या दोन वर्षी आषाढ आणि रमजान जवळपास एकाच चंद्रकोरीबरोबर सुरू झाले होते. त्या दोन्ही वर्षी कांदेनवमी रमजानातच आली. म्हणजे एका भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे, त्याच संध्याकाळी, त्याच कांद्याची भजी तळली जात होती. दोन्हीकडे कढईसमोर उभी होती ती घरातली बाईच.

म्हणून हा विषय मुस्लिम मोहल्ल्यापुरता नाही. दिवाळीत चकलीच्या घाण्यापुढे, गणपतीत तळणीच्या मोदकांपुढे आणि पहिल्या पावसात भज्यांच्या फर्माइशीपुढे हाच प्रश्न उभा असतो. रमजानात तो जास्त टोकदार होतो, एवढेच. कारण कढईपुढची बाई त्या वेळी उपाशी आणि तहानलेली असते.

असर ते मगरिब

सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत तेरा तासांच्या आसपासचा रोजा होतो आणि पाण्याचा थेंबही चालत नाही. असरची नमाज झाली की स्वयंपाकघराला वेग येतो. फळे चिरणे, चणे फोडणीला टाकणे, सरबत कालवणे ही कामे आधी उरकता येतात. भज्यांचे तसे नसते. ती गरम हवीत आणि कुरकुरीत हवीत, म्हणून ती अगदी शेवटी तळायची. सहा माणसांसाठी कढईचे चार-पाच घाणे निघतात. एकेक घाणा चार-पाच मिनिटांचा. तेल तापायला लागणारा वेळ धरला तर अर्धा तास सहज जातो. त्या अर्ध्या तासात हललेही जात नाही. तेल जास्त तापले तर भजी बाहेरून करपतात आणि आतून कच्ची राहतात, कमी तापले तर तेल पितात.

आणि हा अर्धा तास साधा नाही. रोजा सोडण्यापूर्वीची दुआ कबूल होते, अशी श्रद्धा आहे. घरातले पुरुष आणि मुले त्या वेळी हात-तोंड धुऊन दस्तरखानावर बसतात, तसबीह फिरवतात, दुआ मागतात. दिवसभराच्या रोज्याचा सगळ्यात मोलाचा वेळ तोच. भजी तळणारी मात्र अजान कानावर पडल्यावर झारा बाजूला ठेवते, ओढणीने कपाळ पुसते आणि उभ्यानेच खजूर तोंडात टाकते. अनेक घरांत तर "शेवटचा घाणा आणते" म्हणत ती सगळ्यात उशिरा बसते.

तिची आणखी एक पंचाईत असते. रोज्यात मीठ चाखायचे कसे? हनफी फिकहच्या जुन्या ग्रंथांनी यावर विचार केला आहे. विनाकारण पदार्थ जिभेवर ठेवून थुंकणे त्यांनी नापसंत मानले, पण कारण असेल तर मुभा दिली. आणि त्या कारणांत एक कारण चक्क असे आहे की, बाईचा नवरा स्वभावाने वाईट असेल, मीठ कमी-जास्त झाल्यावर तिला त्रास देत असेल, तर तिने चाखून पाहायला हरकत नाही. शेकडो वर्षांपूर्वीच्या आलिमांना स्वयंपाकघरातले वास्तव दिसत होते, हे यातून कळते. खेदाची गोष्ट एवढीच की ही मुभा आजही काही घरांत उपयोगी पडते.

वाऱ्यावर भजी होतात का?

आता यंत्राकडे. फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात आपला एअरफ्रायर मांडला आणि पुढे ते नाव या जातीच्या सगळ्याच यंत्रांना चिकटले. नावात 'फ्रायर' असले तरी त्यात तळण होत नाही. दादीचे म्हणणे शास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे. ही एक छोटी भट्टी आहे. वर तापणारे कॉइल, त्याच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. पंखा गरम हवा जोराने फिरवतो, त्यामुळे पदार्थाच्या पृष्ठभागावरचे पाणी झपाट्याने उडते आणि कड करकरीत होते.

कढईत काय होते, ते पाहिले म्हणजे फरक कळतो. १७०-१८० अंशांच्या तेलात पीठ पडले की ते क्षणात आवळते. आतल्या पाण्याची वाफ होऊन बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि बाहेर कवच तयार होते. गरम हवेला ती ताकद नसते. त्याच तापमानाची हवा तेलापेक्षा खूप सावकाश उष्णता देते. म्हणून पातळ पिठात बुडवलेली कांद्याची चकती टोपलीत ठेवली की पीठ आवळण्याआधीच जाळीतून गळते. जे उरते ते वरून कोरडे आणि पांढरट, आतून पिठूळ. पहिल्याच दिवशी हा प्रयोग करून 'यात काही होत नाही' म्हणत यंत्र माळ्यावर टाकणाऱ्यांची गफलत इथेच होते. ते कढईची कृती यंत्राला लावतात.

गोल भजी या यंत्रात होत नाहीत, हे मान्य करून टाकलेले बरे. होतात ती खेकडा भजी. उभा चिरलेला कांदा, त्याच्या अंगच्याच पाण्यात भिजलेले जेमतेम पीठ, आणि चारी बाजूंना पाय फुटल्यासारखा वेडावाकडा आकार. या आकारामुळे गरम हवा सगळीकडून फिरते आणि पातळ टोके आधी करकरीत होतात. म्हणजे यंत्र परदेशी असले तरी त्याला मानवणारी भजी इथे आधीपासूनच होती.

कांदा कोणता, कृती कशी

कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असते. मीठ लावले की ते बाहेर येते आणि त्याच पाण्यात पीठ भिजते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात रांगडा कांदा असतो, मग उन्हाळ कांद्याची आवक सुरू होते. नवा कांदा रसाळ असतो, त्याला पाणी जास्त सुटते. चाळीत साठवून सुकलेल्या उन्हाळ कांद्याला कमी. त्यामुळे बेसनाचे माप डोळे झाकून घेऊ नये, कांदा किती पाणी सोडतो ते पाहून घ्यावे.

सहा जणांसाठी चार मध्यम कांदे, म्हणजे साधारण ४०० ग्रॅम. एक वाटी बेसन, दोन मोठे चमचे तांदळाचे पीठ, एक सपाट छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा तिखट, पाव चमचा हळद, अर्धा चमचा हातावर चोळलेला ओवा, मूठभर कोथिंबीर आणि दोन मोठे चमचे तेल. मिठाचे माप एकदा रोजा नसताना ठरवून घ्यावे, म्हणजे महिनाभर चाखण्याचा प्रश्न येत नाही.

कांदा उभा आणि पातळ चिरावा, पाकळ्या हाताने मोकळ्या कराव्यात. मीठ चोळून पंधरा मिनिटे ठेवावा. सुटलेले पाणी फेकू नये. तिखट, हळद, ओवा, कोथिंबीर घालून मग तांदळाचे पीठ आणि बेसन थोडे थोडे भुरभुरावे. कांद्याला पीठ लगडले, मुठीत धरल्यावर गोळा झाला पण हातातून गळला नाही, की बस. वरून पाणी घालू नये. दोन चमच्यांतले एक चमचा तेल गरम करून या मिश्रणात मोहन म्हणून घालावे. हे तेल टाळले तर भजी कोरडी होतात. बिनतेलाची कुरकुरीत भजी असा काही पदार्थ नसतो. तेल कमी लागते, एवढाच या यंत्राचा दावा खरा आहे.

फ्रायर १८० अंशांवर पाच मिनिटे तापवावा. टोपलीला तेलाचा हात फिरवावा. भोके पाडलेला कागद वापरायचा असेल तर तो भज्यांसकटच आत ठेवावा, कारण रिकामा कागद पंख्याच्या वाऱ्याने उडून कॉइलला लागू शकतो. मिश्रणाचे छोटे, चपटे, विरळ पुंजके ठेवावेत. दोन भज्यांत बोटभर जागा सोडावी. एकावर एक रचली तर ती वाफेत शिजतात आणि मऊ पडतात. दहा मिनिटांनी उलटावीत, उरलेल्या तेलाचा ब्रशने हात द्यावा आणि १९० अंशांवर आणखी तीन-चार मिनिटे ठेवावीत. एका वेळी नऊ-दहा भजी होतात. एवढ्या मिश्रणाचे दोन-तीन घाणे निघतात. मिश्रण भिजवून ठेवले की पाणी सुटतच राहते, म्हणून कांद्याचे दोन वाटे करावेत आणि दुसऱ्या वाट्याला पीठ नंतर लावावे.

याच यंत्रात बिर्याणीचा बिरिस्ता त्याहूनही चांगला होतो. पातळ कांद्याला चमचाभर तेल चोळून १५०-१६० अंशांवर पंधरा-वीस मिनिटे ठेवायचा, दर चार-पाच मिनिटांनी टोपली हलवायची आणि हवा त्या रंगाच्या जरा आधीच बाहेर काढायचा, कारण बाहेर आल्यावरही त्याचा रंग चढतो. ईदच्या बिर्याणीसाठी किलोभर कांदा तळायला कढईपुढे तासभर उभे राहणाऱ्यांना याचे मोल सांगावे लागणार नाही.

वेळ वाचतो का?

हिशेब नीट केला तर घड्याळ एअर फ्रायरच्या बाजूने नाही. कढईत जे अर्ध्या तासात होते त्याला इथे तीन घाण्यांची चाळीस-पंचेचाळीस मिनिटे लागतात. वीजही साधारण एक युनिट. मग फायदा काय?

फायदा दोन जागी आहे. एक, या चाळीस मिनिटांत यंत्रापुढे उभे राहावे लागत नाही. मधे एकदा भजी उलटण्यापुरते यावे लागते. दोन, आणि हा मुद्दा जास्त महत्त्वाचा, ही भजी आधी करून ठेवता येतात. असरच्या आसपास सगळे घाणे काढून जाळीवर मोकळी पसरून ठेवावीत, झाकू नयेत. अजानच्या आधी सगळी एकदम टोपलीत घालून १८० अंशांवर तीन मिनिटे फिरवली की पुन्हा कुरकुरीत होतात. या फेरीत ती एकमेकांवर आली तरी चालते. कढईतली भजी थंड झाल्यावर पुन्हा तशी करायची म्हणजे पुन्हा तेलात टाकायची.

म्हणजे यंत्र वेळ कमी करत नाही, वेळ सरकवते. शेवटचा अर्धा तास मोकळा करते. रोजेदार बाईला तो अर्धा तास दस्तरखानावर, बाकीच्यांच्या बरोबर, हातात तसबीह घेऊन बसायला मिळणार असेल, तर त्यापुढे वाचलेल्या तेलाचा हिशेब किरकोळ आहे.

मिळणार असेल तर, हे मात्र ठळकपणे म्हणायला हवे. कारण यंत्राने मोकळा केलेला वेळ बाईच्या हाती राहतोच असे नाही. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात नेमके हेच दाखवले. घरात यंत्रे आली, काही कष्ट हलके झाले, पण त्याबरोबर अपेक्षा वाढल्या आणि घरातल्या बाईचे कामाचे तास फारसे कमी झाले नाहीत. पाटा-वरवंटा जाऊन मिक्सर आल्यावर इकडेही काही वेगळे घडले नाही. वाटण मिनिटात होऊ लागले, म्हणून एकाऐवजी तीन चटण्या आल्या.

एअर फ्रायरचेही तेच होऊ घातले आहे. भजी आपोआप होतात म्हटल्यावर त्या वेळात समोसे, कटलेट, कबाब आणि नगेट यांची भर पडते. मोबाइलवर दिसणारे भरगच्च इफ्तारचे फोटो त्यात तेल ओततात. जो महिना कमी खाण्याचा, भूक ओळखण्याचा, त्या महिन्यात घरचा वाणसामानाचा खर्च वाढतो. इसराफ, म्हणजे उधळपट्टी, धर्माला मंजूर नाही, हे जुम्म्याच्या बयानात ऐकून आलेल्या माणसाला घरच्या दस्तरखानावर सात पदार्थ लागतात. यंत्राने दिलेला अर्धा तास असाच पुन्हा स्वयंपाकघरात जिरतो.

आक्षेप

एअर फ्रायरवर घेतले जाणारे आक्षेप बाजूला सारण्यासारखे नाहीत.

पहिला आक्षेप चवीचा. कढईतल्या भज्यांची चव याला येत नाही. नाहीच येत. तेलात पडलेल्या कांद्याचा तो खमंग वास, बाहेरचे कवच आणि आतला मऊपणा हवेत जमत नाही. एअर फ्रायरची भजी हा भाजलेला, कोरडा, हलका पदार्थ आहे. त्याला त्याच्याच मापाने मोजावे. पापड भाजलाही जातो आणि तळलाही जातो, दोन्हींची चव वेगळी असते, तरी त्यावरून कुणाच्या घरात भांडण होत नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा. तीन-चार हजारांपासून पुढे किंमत असलेले यंत्र यंत्रमागावर काम करणाऱ्या, रोजंदारीवर जाणाऱ्या घराने का घ्यावे? घेऊ नये. ज्या घरात रमजानचा किराणाच जेमतेम भरला जातो, तिथे हा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे आहे. पण त्या घरातही अर्ध्या तासाचा प्रश्न आहेच आणि त्याला यंत्राशिवायची उत्तरे आहेत. भजी रोज न करता दिवसाआड करता येतात. मोड आलेली मटकी, उकडलेले चणे, चिरमुऱ्यांचा चिवडा यांना शेवटच्या घटकेची कढई लागत नाही.

तिसरा आक्षेप वाटपाचा, आणि तो सगळ्यात गंभीर आहे. रमजानात घरातून मशिदीत ताट जाते, शेजारी बशी जाते. समोरच्या जोशीकाकूंकडे किंवा खालच्या मजल्यावरच्या पाटलांकडे भजी गेली नाहीत तर तिकडून विचारणा होते. चार लिटरच्या टोपलीत शेजारधर्म मावत नाही. दहा भज्यांच्या घाण्यात ज्याच्या-त्याच्यापुरते मोजून खाण्याची सवय लागली, तर या शहरांतली एक चांगली गोष्ट हळूहळू आटेल. म्हणून वाटपाच्या दिवशी कढईच चढवावी. त्या दिवशी तळणाऱ्या हाताला मदतीचे दोन हात असावेत, एवढेच.

आणि बाजारातली भजी? ती बाजारातच छान. मोहल्ल्याच्या तोंडाशी लागणाऱ्या भज्यांच्या गाड्यांवर कितीतरी जणांची महिनाभराची कमाई असते. फक्त तेल पाहून घ्यावे. एकाच तेलात पुन:पुन्हा तळत राहिले की त्यात अपायकारक घटक साठतात. ते प्रमाण, म्हणजे टोटल पोलर कंपाउंड, २५ टक्क्यांपुढे गेले तर ते तेल खाद्यपदार्थांच्या व्यवसायात वापरू नये, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८पासून लागू केला आहे. घरातल्या कढईला असा नियम नाही. काल तळून उरलेले तेल आज, आजचे उद्या, असे करत तीस रोजे निघतात. गाडीवरच्या काळ्या तेलाला नावे ठेवणाऱ्यांनी घरातल्या झाकून ठेवलेल्या तेलाचा रंगही एकदा पाहावा.

कढई कुणाला जमते?

या गाड्यांवर आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते. तळणारे बहुतेक सगळे पुरुष असतात. लग्नात देगा उतरवणारे बावर्ची पुरुष. मशिदीतल्या सामूहिक इफ्तारीत कलिंगडे चिरणारे, सरबताचे पिंप ढवळणारे, दस्तरखान अंथरून नंतर उचलणारे सगळे पुरुष आणि पोरे. ती कामे ते झटपट आणि हौसेने करतात, त्यात सवाब मानतात. मग तेच हात घरात आल्यावर कांदा चिरायला का विसरतात?

भारत सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे या विसराळूपणाबद्दल बोलतात. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया रोज घरची बिनपगारी कामे करत होत्या, पुरुषांपैकी फक्त २६.१ टक्के. जे करत होते त्यांतही स्त्रीचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटे आणि पुरुषाचा ९७ मिनिटे. हे सगळ्या देशाचे, सगळ्या धर्मांचे आकडे आहेत. त्यात कुणी कुणाकडे बोट दाखवण्याचे कारण नाही.

मुस्लिम घरात तर सबबीला जागाच कमी आहे. पैगंबर (स.) घरात असताना काय करत, असे हजरत आयेशा यांना विचारले गेले होते. ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर हदीसच्या संग्रहांत नोंदलेले आहे. दाढी, पोशाख, मिसवाक यांबाबत सुन्नतची आठवण ठेवणाऱ्यांनी ही सुन्नतही ध्यानात ठेवायला हरकत नाही. रमजानात तर नाहीच.

एअर फ्रायरने या बाबतीत एक सोय करून दिली आहे. तापलेल्या तेलाला सराव लागतो, भाजण्याची भीती असते, म्हणून 'ते तिलाच जमते' म्हणता येत होते. टोपली आत सरकवून बटण फिरवायला सराव लागत नाही. बारा वर्षांच्या मुलालाही ते जमते, कॉलेजातल्या पोराला जमते, दुकान बंद करून आलेल्या बापालाही जमते. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येईल, तेवढे सोसावे.

म्हणून ज्या घरात हे यंत्र आले आहे किंवा येणार आहे, त्या घराने एक नियम करून पाहावा. शनिवार ते गुरुवार भजी टोपलीत, आणि टोपलीचे काम वाटून. ज्याला त्या दिवशी भजी हवीत त्याने असरनंतर कांदा चिरायचा, मिठाचे माप घ्यायचे आणि घाणे लावायचे. जुम्म्याला हवी तर कढई चढवावी, ताजे तेल घ्यावे, शेजारच्या बशीसकट भरपूर भजी तळावीत, आणि त्या दिवशीही घाणे वाटून घ्यावेत. अजानच्या पाच मिनिटे आधी गॅस बंद. उरलेला घाणा नमाजनंतर. तोवर घरातले प्रत्येक माणूस दस्तरखानावर बसलेले असले पाहिजे. कुणी उठून आत जायचे नाही. एखाद्या दिवशी भजी जरा मऊ पडतील, त्याने कुणाचा रोजा बिघडत नाही.